मामांची भवानी

भावावरून मी सगळ्यांशी भांडलो आहे. शेतकऱ्यांशी, हमालांशी, ट्रकवाल्यांशी, बँकेच्या मॅनेजरशी आणि स्वतःच्या लग्नात, अक्षता पडायच्या बेतात असताना, मंडपवाल्याशीसुद्धा. फक्त एका माणसाशी भावावरून माझं कधी भांडण होऊ शकलं नाही, आणि माझं सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच केलं. शिरूरच्या बाजारात त्यांना सगळे मामा म्हणत. मीही तेच म्हणतो. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की मला राग येतो, आणि डॉक्टरांनी राग कमी करायला सांगितलं आहे.

मामा शिरूरच्या जुन्या बागवान घरातले. आजोबांनी डोक्यावर पाटी घेऊन फळं विकली, वडिलांनी आठवडी बाजारात बसून कांदा विकला, आणि मामांनी तोच कांदा समुद्रापलीकडे कोलंबोला विकला. एवढं वर आलेल्या माणसाने जरा रुबाबात राहावं की नाही? मामा सदऱ्याच्या वरच्या खिशात एक कांदा ठेवून हिंडत. माणसं जिथे पेन लावतात तिथे मामांचा फुगवटा. बोलता बोलता तो काढायचा, कानाशी धरायचा आणि अंगठ्याने दाबायचा. वरची पत्ती सुकी असेल तर ती कुरकुर वाजते, ओल धरली असेल तर गप्प राहते. मग अत्तराचा फाया हुंगावा तसा हुंगून तो परत खिशात. बँकेत हे, लग्नाच्या बैठकीत हे, मयतीला बसायला गेले तरी हेच. आपण घसा फोडून हिशेब समजावून सांगतोय आणि समोरचा माणूस कांद्याचं ऐकतोय, असा तो सगळा प्रकार होता.

कोलंबोच्या व्यापाऱ्याने त्यांना एकदा तिकडची चौकड्याची लुंगी भेट पाठवली. आपण अशी वस्तू कपाटात ठेवू. मामा ती नेसून मार्केट यार्डात लिलावाला आले. हमालांनी शिट्ट्या मारल्या. एकाने विचारलं, "मामा, लंका जिंकली का?" मामा म्हणाले, "जिंकली न्हाई, नेसली." तेव्हापासून उन्हाळाभर तीच लुंगी.

देशांची नावं ते घेत नसत. सगळे देश म्हणजे त्यांना एका गल्लीतली घरं वाटत. श्रीलंका म्हणजे 'खालच्या घरातली', नेपाळ म्हणजे 'माळवदावरची', बांगलादेश म्हणजे 'परसातली'. चीनला 'पलीकडच्या आळीतला पैलवान' म्हणत. आणि आपण कोण? आपण 'थोरला वाटा'. पेपरात बातमी आली, की आपला देश अमुक इतका पुढे गेला, तर मी मोठ्याने वाचून दाखवायचो. मला अभिमान वाटायचा, आजही वाटतो. मामा म्हणायचे, "चांगलं झालं. पण थोरल्या वाट्याचं पाणी कुणाच्या दारात जातंय, ते लिवलंय का?" मी पेपर घडी करून ठेवायचो.

आता भवानीचं सांगायला हवं. दिवसातली पहिली विक्री म्हणजे भवानी, हे बाजारात बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, ते मागेल त्या भावाला देऊन टाकायचं, हेही बरेच जण पाळतात. पण मामांच्या वडिलांचा एक जादा नियम होता. त्यांचा ढीग मोठा. शेजारी एखादी म्हातारी घरच्या बांधावरचे पाटीभर कांदे घेऊन बसलेली असायची. तिची भवानी होईपर्यंत हे तोंड उघडायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं तर तिच्याकडे बोट दाखवायचे. तिचा एक तरी वाटा गेला, की मग पहिली आरोळी. मोठ्या ढिगाने आधी आरोळी दिली तर छोट्या पाटीकडे कुणी बघत नाही, एवढा साधा हिशेब. आठवडी बाजारापुरता मलाही मान्य आहे. मामांनी तो समुद्रापार नेला, तिथे माझं भांडण आहे.

आमची गाठ पडली ती सणसवाडीत. मी न्हावऱ्याच्या बाजूच्या कोरडवाहू गावचा. माझ्याकडे जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं, फक्त आवाज होता. सणसवाडीत कंपन्या आल्या, बिहार-ओडिशापासून लातूर-नांदेडपर्यंतची माणसं खोल्या घेऊन राहू लागली. त्यांना रोज कांदा-बटाटा लागतोच, म्हणून मी रस्त्याच्या कडेला हातगाडी लावली. शिफ्ट सुटली की पोरं यायची, "भैया, कैसे दिया?" आणि आमची जुंपायची. हिंदी मी तिथेच शिकलो, आणि भाव करायलाही तिथेच. मग हायवेला भलं मोठं मार्ट झालं. आत गारवा, बाहेर दिव्यांच्या माळा, आणि कांदा माझ्या खरेदीपेक्षा खाली. ओळखीची पोरं मार्टच्या पिशव्या घेऊन माझ्या समोरून जायची, मान वळवून. एक दिवस दुपार झाली तरी माझी एक किलोची विक्री नव्हती.

तेव्हा कांद्याचा वास मारणारी एक जीप थांबली आणि खिशात कांदा असलेला माणूस उतरला. गोण्या शिवायचं मशीन बघायला सणसवाडीत आलेला.

"भवानी झाली का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"म्हंजी न्हाई झाली."

त्याने भाव विचारला. मी रागात होतो, दुप्पट सांगितला. तो "बरं" म्हणाला आणि अख्खी गोणी जीपमध्ये टाकायला लावली.

दुसऱ्या दिवशी मला कळलं, की हा तर कांद्याचा निर्यातदार, ज्याची गोदामं भरलेली आहेत. मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून राग आहे. घासाघीस करतो तो तुम्हाला बरोबरीचा धरतो. जो सरळ "बरं" म्हणतो तो एक तर चोर असतो नाहीतर दया दाखवत असतो, आणि दोन्ही मला चालत नाही. मी शिरूरला जाऊन त्यांच्या गोदामात जाब विचारला. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं, कांदाही ऐकला, आणि म्हणाले, "आवाजाला दम हाय तुझ्या. खरेदीला ये माझ्याकडं."

असा मी कांद्याच्या खरेदीत आलो, आणि काही वर्षांत त्यांचा भागीदार झालो. खरेदी माझी, कोलंबो त्यांचं. परवाना त्यांच्या नावावर. त्या मार्टने माझी गाडी बंद पाडली, पण मला एक गोष्ट शिकवली. जगात हातगाडी होऊन राहायचं नाही, मार्ट व्हायचं. मामा त्याच दिवशी वेगळंच काहीतरी शिकले होते. पण ते मला फार उशिरा कळलं.

पुण्याला एकदा निर्यातदारांसाठी दिवसभराचं शिबिर होतं. शेजारी देशांशी झालेल्या व्यापार करारांवर एक साहेब बोलत होते. पडद्यावर नकाशा, मध्ये आपण, आणि आपल्याकडून चारी बाजूंना निघालेले बाण. आपली वाढ म्हणजे शेजाऱ्यांना संधी, असं ते सांगत होते. मी मन लावून ऐकत होतो. माल मूळ कुठला, याचा दाखला जोडला की काही मालावर तिकडे कर कमी लागतो, हे मला तिथे समजलं, आणि तेवढ्या एका गोष्टीत माझं जाणं-येणं वसूल झालं. शेवटी साहेबांनी शंका विचारायला सांगितलं. लुंगीतले मामा उभे राहिले.

"सायेब, या करारात भवानीचं काय कलम हाय?"

सभागृह हसलं. मी खुर्चीत खाली सरकलो. पण साहेब माणूस बरा होता. त्याने खुलासा विचारला, मामांनी वडिलांचा नियम सांगितला. साहेब म्हणाले, की तशी सोय असते. प्रत्येक देश आपल्या काही मालाची यादी बाजूला काढून ठेवतो, तो बाहेरच्यांना सहज खुला करत नाही. शिवाय स्वतःचं पीक निघालं, की काही देश तेवढ्यापुरता कर चढवतात.

"मंग करार चांगला हाय," मामा म्हणाले. "पण त्या नकाशात सगळे बाण आपल्याकडनंच निघत्यात. तिकडनं काय येत न्हाई व्हय?"

येतं की, साहेब म्हणाले. दालचिनी येते, मिरी येते.

झालं. परतीच्या वाटेवर मामांनी पुण्यातून पिशवीभर लंकेची दालचिनी घेतली. आपण त्यांना कांदा विकतो, तर त्यांचंही काहीतरी आपल्या पोटात गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून गोदामातल्या चहात दालचिनी. दूध कमी, दालचिनी जास्त. हमाल तोंड वाकडं करत प्यायचे. ट्रकवाले तर आमच्याकडे माल भरायला येताना बाहेरच्या टपरीवर चहा पिऊन यायचे.

इनामगावला आम्ही खरेदीला जायचो. घोडनदीच्या काठचं गाव, तिथे फार जुनी वस्ती उकरून निघाली आहे. एका शेतकऱ्याच्या ओट्यावर मी भाव पाडत होतो आणि तो सहज म्हणाला, की त्या खणलेल्या जागेत शंखाच्या बांगड्या सापडल्या म्हणे. मामा एकदम सावरून बसले. "शंख? आन् समुद्र कुठं?" मग अर्धा दिवस तेच. कुणी आणल्या असतील, बदल्यात काय दिलं असेल, इथल्या मातीच्या बांगड्या करणारीचं काय झालं असेल. माझा सौदा तुटायला आला होता. मी म्हणालो, मामा, ती बाई मेली, चला. ते म्हणाले, "शंख आले तवाच मेली का, ते बघाया पायजे."

आता त्या वर्षाकडे येतो.

खालच्या घरात, म्हणजे लंकेत, दंबुल्ला नावाच्या भागात कांदा पिकतो. आपल्या श्रावण-भाद्रपदात तो निघतो. निघाला की तिथलं सरकार बाहेरच्या कांद्यावर कर चढवतं, आणि आपलं दार तेवढे दिवस बंद होतं. त्या वर्षी तिकडे मंत्र्यांचीच आपसात लागली होती, आणि कर चढवायचं राहून गेलं. दार सताड उघडं. कोलंबोच्या व्यापाऱ्याला मी फोन केला. तो म्हणाला, जितके कंटेनर भरता येतील तितके भरा, भाव तुम्ही म्हणाल तो.

माझ्या आयुष्यात एवढी मोठी संधी आली नव्हती. उन्हाळ्यात मी कांदा साठवायच्या चाळी गच्च भरल्या होत्या. हवा दमट होती, कांद्याला कोंब फुटायला लागले होते. आठवडाभरात माल निघाला नाही, तर त्याला कुणी विचारणार नव्हतं. मी गाड्या लावल्या, हमाल बोलावले, आणि सकाळी पॅकिंगच्या शेडवर गेलो. शेडला कुलूप. दारात पालथ्या क्रेटवर मामा बसलेले, लुंगी नेसून.

"मामा, किल्ली द्या."

"दंबुल्लाचा कांदा निघालाय."

"निघू द्या की. कर लावला न्हाई ही त्यांच्या सरकारची चूक."

"सरकार चुकलं. पिकवणारा कुठं चुकला?"

मी त्यांना सगळं समजावलं. चाळी दाखवल्या, कोंब दाखवले. आपण नाही भरला तर नाशिकवाला भरेल, हे सांगितलं.

"भरू दे," मामा म्हणाले. "त्याचं त्याच्यापाशी."

"मग तुमच्या थांबण्याचा उपयोग काय? त्या दंबुल्लावाल्याचं मरण टळणार हाय का?"

मामांनी खिशातला कांदा काढला. त्या दिवशी तो कानाशी नेला नाही, हातातच धरला. "सणसवाडीत तुझ्या गाडीपुढं मार्ट झालं. मी एक गोणी घेतली. त्यानं मार्ट बंद पडलं का?"

"न्हाई."

"मंग मी कशाला घेतली?"

याचं उत्तर मला आजही सुचलेलं नाही, आणि म्हणूनच तो प्रश्न गैर होता असं माझं ठाम मत आहे. धंद्यात माणसाने उत्तर असलेलेच प्रश्न विचारावेत.

मी सगळ्या हमालांसमोर, ट्रकवाल्यांसमोर त्यांना नको ते बोललो. तुम्हाला घरचा माणूस बुडाला तरी चालतो, परका जगला पाहिजे, असं म्हणालो. खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या पायाशी टाकला आणि भागीदारी तिथेच मोडली. ते एवढंच म्हणाले, "चहा पिऊन जा." शेजारच्या गोदामातून दालचिनीचा वास येत होता. मी चहा न पिता निघालो.

पुढे जे मी सांगितलं होतं तेच झालं. नाशिकवाल्याने माल भरला. दंबुल्लाचा भाव व्हायचा तसा पडला. माझा कांदा चाळीत पिवळा-हिरवा होऊन गेला, काही कवडीमोल दिला, काही गाड्या भरून शेतात टाकला. कोलंबोच्या व्यापाऱ्याने मला फोनवर शिव्या घातल्या. मामा चुकले आणि मी बरोबर होतो. हे मी पुन्हा लिहितो, कारण बाजारात हल्ली उलटं सांगितलं जातं.

मी थांबलो नाही. स्वतःचा परवाना काढला, न्हावरा रस्त्याला शेड बांधली, दौंडकडच्या केडगावच्या बाजारातही खरेदी सुरू केली. आज शिरूर ते दौंड या पट्ट्यात माझ्याएवढा माल भरणारा दुसरा नाही. मामांनी हळूहळू धंदा आवरला आणि लेकीकडे खुटबावला राहायला गेले. जावयाचा टेम्पो आहे, थोडी जमीन आहे. मला वाटलं, विषय संपला.

मग आपल्याच सरकारने कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली. आपल्या शहरात कांदा महागला म्हणून. इथे आमचं जे झालं ते झालंच, पण खालच्या घरात, परसात, माळवदावर, सगळीकडे चुलीपाशी बोंब उठली. कोलंबोवाला म्हणाला, "आप लोग बड़ा लोग है. मन आया तो डुबाता है, मन आया तो सुखाता है." तो पाकिस्तानचा कांदा घ्यायला लागला, चीनचा घ्यायला लागला. आपल्याकडच्या कुणाचाच फोन उचलेना.

निर्यात उघडली त्या दिवशी सगळा नाशिक-पुणे पट्टा कोलंबोला फोन लावत बसला होता. माझा फोन त्याने उचलला. मी खूश झालो. भाव सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणतो, "पहले बोलो, मामा का भवानी हो गया?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नाही. मामांनी त्याला इतक्या वर्षांत भवानी म्हणजे काय ते शिकवून ठेवलं होतं. त्याचा सासरा दंबुल्लाकडचा कांदेवाला. मला शिव्या घालून झाल्यावर त्याला कळलं, की त्या वर्षी आमचे कंटेनर गेले नाहीत, आणि नाशिकचे पोचायला जेवढे दिवस लागले, तेवढ्यात सासऱ्याचा माल उठला. मी म्हणालो, अरे बाबा, तो तसाही उठला असता, याला पुरावा काय? तो म्हणाला, "सबूत नहीं है भाई, ससुर है. मेरे को घर में रहना है."

तेव्हापासून दर हंगामाला हा तमाशा. मामांची भवानी झाल्याशिवाय कोलंबोवाला आमच्याकडे पहिली ऑर्डर देत नाही. मी पहिल्या वर्षी "हो गया" म्हणून ठोकून दिलं. त्याने लगेच मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामा म्हणाले, "न्हाई अजून." खोटं बोलायचं एवढं सोपं काम, तेही त्यांना जमत नाही.

बरं, भवानी व्हावी कशी? मामा खुटबावला लेकीच्या घरापुढे पोतं अंथरून जावयाच्या रानातल्या कांद्याचा छोटा ढीग लावून बसतात. आणि खुटबावात घराघरात कांदा आहे. तिथे कांदा विकत घेणार कोण? गावातली माणसं येतात, मामांशी तासभर गप्पा मारतात, त्यांनाच आपल्या शेतातले चार कांदे देऊन जातात. म्हणजे शिरूर-दौंडचा सगळ्यात मोठा निर्यातदार भरलेली गोदामं घेऊन थांबणार, कारण एक म्हातारा कांद्याच्या गावात कांदा विकायला बसला आहे. मग मलाच जावं लागतं. माणूस पाठवला असता तर चाललं असतं. पण भाव करायला मी दुसऱ्याला पाठवत नाही.

यंदा श्रावणात गेलो तेव्हा मी ठरवूनच गेलो होतो. तो जुना हिशेब काढायचाच. आधी कांद्यावरून भांडण उकरायचं आणि मग त्या वर्षावर यायचं. मामा पोत्यावर बसलेले, लुंगी विटून पार पांढरी झालेली. लेक दारात तांदूळ निवडत होती. मी तिला ताई म्हणतो.

"आलास का?" मामा म्हणाले.

"कसे दिले?"

"तू सांग."

मी इतका कमी भाव सांगितला, की ऐकून हातगाडीवाल्यानेही दगड मारला असता. मामा म्हणाले, "घे." आणि पिशवी भरायला लागले.

"घे काय? भाव परवडतोय का तुम्हाला?"

"भवानीच्या गिऱ्हाइकाला न्हाई म्हणत न्हाई मी."

"असं न्हाई चालायचं. तुम्ही तुमचा भाव सांगा, मग मी माझा सांगतो."

"तुझा आला की. बरं म्हणलो मी."

मी भाव वाढवला. ते "बरं" म्हणाले. मी आणखी वाढवला. "बरं." शेजारची दोन-चार माणसं येऊन उभी राहिली. एकजण म्हणाला, "शेट, आमचा पण घ्या की, आमी एवढा ताणत न्हाई." ताई पदर तोंडाला लावून हसत होती. मी जिद्दीला पेटलो. या माणसाच्या तोंडून एकदा तरी "न्हाई" काढायचं, अशी. भाव माझ्या कोलंबोच्या भावावर गेला, त्याच्याही वर गेला, आणि मामा प्रत्येक वेळी आपले "बरं." शेवटी मीच ओरडलो, "बास!" आणि नोटा पोत्यावर ठेवल्या. मामांनी वर दोन कांदे घातले, सवलत म्हणून.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. कोलंबो. पडद्यावर तो टकल्या हसत होता.

"झाली," मामा म्हणाले. "गिऱ्हाईक लई भांडकुदळ हाय. तुमच्या सासऱ्याचा निघाला का?"

"अगले हफ्ते से निकलेगा, मामा."

कर या वर्षीही चढलेला नव्हता, ते मला सकाळीच कळलं होतं. माझ्या गाड्या लागलेल्या होत्या. मामांना ते ठाऊक असणारच, न्हावरा रस्त्याने येणारा प्रत्येक टेम्पोवाला त्यांना बातमी देतो. मी वाट बघत होतो, की ते आता काहीतरी बोलतील, आणि मग मी त्या वर्षाचं सगळं बाहेर काढीन. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "गाड्या कवा भरतो, ते तूच सांग त्याला."

मी फोन घेतला आणि सौद्याला लागलो. त्याला म्हटलं, तुझ्या सासऱ्याचा माल उठेपर्यंत मी एक गोणी हलवणार नाही. पण थांबण्याला भाव असतो. सासऱ्याचा उठला, की पुढच्या सगळ्या कंटेनरांची ऑर्डर माझी, दुसऱ्या कुणाची नाही. भाव आजच्या वर. आणि जहाजाचं भाडं तू भरायचं. तो उडालाच. भाड्यावरून आमची चांगली जुंपली, तो तमिळमध्ये गेला, मी आमच्या गावच्या भाषेत गेलो. शेवटी भाडं त्याने कबूल केलं.

हे लक्षात घ्या. मामा त्या वर्षी थांबले ते फुकट थांबले. मी थांबण्याचे पैसे वसूल केले. आमच्या दोघांत हा फरक आहे, आणि तो मी कुठेही सांगायला तयार आहे. शिवाय आता माझ्या चाळींना पंखे आहेत, पंधरा-वीस दिवसांनी माझ्या कांद्याला काही होत नाही. नाशिकवाला या आठवड्यात भरणार आहे असं ऐकतो. भरू दे.

फोन परत दिला तेव्हा मामांनी खिशातला कांदा काढून कानाशी धरला होता.  ताई आत गेली होती, घरातून दालचिनीचा वास येत होता.

"चहा पिऊन जा," मामा म्हणाले.

मी पिशवी उचलली आणि गाडीकडे चालू लागलो. इतक्या महाग भावाचा कांदा शिरूर तालुक्यात आजवर कुणी खाल्ला नसेल. घरी भाव सांगितलेला नाही. आणि तो चहा मी मुद्दाम राखून ठेवला आहे. माझं त्या वर्षाचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि चहा प्यायलो तर ते मिटलं असं होईल. एवढ्या स्वस्तात मी कुठलाच सौदा सोडत नाही.